साहाय्याचा उतारा कसा मोजावा

(दुष्काळ निवारण समितीच्या विद्यमाने उमेळे येथे व्यापारी, बागाईतदार व देणगीदार मंडळींसमोर दिलेले व्याख्यान. समितीच्या विनंतीवरून अहवालाबरोबर छापण्यात येत आहे.)



समितीने आज आम्हांस येथे उभे केले आहे ते वकील म्हणूनच होय. परंतु आमचा पक्षकार या सभेस हजर राहू शकत नाही, ही अडचण आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. मागील बैठकीत आपल्यापैकी काही सन्मान्य देणगीदारांनी असा ठराव सुचविला की, समितीच्या प्रत्येक केंद्राचा दर कुटुंबामागील खर्च काढावा, तो अहवालात छापावा, आणि ज्या केंद्राचा खर्च सर्वांत अधिक भरेल ते येत्या उन्हाळ्यापूर्वी बंद करावे. ठरावामागील हेतूबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्याने पैसा दिला त्याने हिशेब मागावा, हा त्याचा हक्क आहे. आणि जी समिती हिशेब मागितल्याने रुष्ट होते तिला पैसा देऊ नये, असेच आम्हीही म्हणू. परंतु या मापाने ज्या केंद्रावर गंडांतर येणार आहे ते मोखाड्याकडील डोंगरातले केंद्र आहे. त्या केंद्रावरून शिधा व पाणी नेणारी माणसे आमचे पक्षकार होत. त्यांच्या तालुक्यात पाऊस आपल्यापेक्षा कमी पडतो असे नाही; तो भरपूर पडतो, उतारावरून वाहून जातो, आणि फाल्गुन-चैत्रात विहिरींचे तळ दिसू लागतात. आपल्या वसईत बावखले आहेत; त्यांच्याकडे खडक आहे.

तेव्हा हिशेब द्यावा की नाही, हा आजचा प्रश्नच नव्हे. कोणत्या मापाने द्यावा, एवढाच वाद आहे.

आपणांपैकी पुष्कळांचा भाताशी संबंध आहे. गिरणीत भात घातले म्हणजे तांदूळ किती उतरला, हे आपण प्रथम पाहता. परंतु केवळ तेवढ्यावरून गिरणी चांगली की वाईट हे आपण ठरवीत नाही. तुकडा किती निघाला, कोंडा किती, वीज किती जळली, माणसे किती लागली, हे सर्व पाहूनच मग आपण मत देता. दोन वाड्यांचेही तसेच. समजा, एका वाडीचा मालक बावखलाचे पाणी हाताने फिरवितो आणि त्यासाठी चार गडी ठेवतो. दुसरा पंप लावतो, विकतचे खत घालतो आणि एकाच गड्यावर भागवितो. दोघांच्याही केळीचा माल सारखाच उतरला, तर पहिल्याने गडी फार लावले म्हणून तो उधळ्या, किंवा दुसऱ्याचे वीजबिल मोठे म्हणून तो उधळ्या, असे कोणी शहाणा बागाईतदार म्हणणार नाही. दोघांनी एकाच पिकाला दोन निरनिराळ्या वाटांनी गाठले, इतकेच. पण तिसरा कोणी गडीही चार ठेवील, पंपही चालवील, आणि माल तेवढाच काढील, तर त्याला मात्र आपण विचारू की, बाबा, हे जाते कोठे?

आम्ही जे आज मांडणार आहो ते शास्त्र म्हणजे याच प्रश्नाला अंकांची शिस्त लावणे होय. त्याचा प्रारंभ शेतीपासूनच झाला. १९५७ साली फॅरेल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने उत्पादनाची कार्यक्षमता मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांच्या शेतीस लावून दाखविली. पुढे १९७८ साली चार्न्स, कूपर व ऱ्होड्स या तिघांनी ती वाढवून अशी केली की, घातलेल्या वस्तू अनेक असोत आणि निघालेली फळेही अनेक असोत, तरी संस्थांची तुलना करता यावी. तिला ते ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. नाव अवजड आहे. त्याने भिऊन जाऊ नये. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या तिघांपुढे नफा मिळविणारे कारखाने नव्हते. अमेरिकेत गरीब मुलांसाठी चाललेल्या शाळांची एक योजना त्यांनी तपासावयास घेतली होती. तेथे निघालेल्या फळांत मुलांचे वाचन होते, गणित होते, आणि मुलांच्या मनातील आत्मसन्मानही होता. यांपैकी कशालाच बाजारभाव नाही. आपल्या समितीची स्थिती नेमकी हीच आहे. वाचलेल्या मुलाचा भाव कोणत्या पेढीवर लिहिलेला असतो?

आता रीत सांगतो. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. ते समितीच्या कोणत्याही केंद्राचे नव्हेत. अ, ब आणि क अशी तीन केंद्रे आहेत व प्रत्येक महिन्यास शंभर कुटुंबांना सारखाच शिधा पोहोचविते, असे समजू. अ केंद्रास त्यासाठी रोख ४० हजार रुपये लागतात आणि स्वयंसेवकांचे २० दिवस लागतात. ब केंद्रास २० हजार रुपये आणि ४० दिवस लागतात. क केंद्रास ४० हजार रुपयेही लागतात आणि ४० दिवसही लागतात. ठरावातील माप लावले तर ब चा खर्च कुटुंबामागे २०० रुपये, आणि अ व क या दोघांचाही ४०० रुपये. म्हणजे अ आणि क हे दोघे सारखेच अपराधी ठरले, आणि ठरावाप्रमाणे दोघांसही टाळे लागले.

परंतु दिवसांचा रकाना उघडून पाहा. अ ने रुपये अधिक लावले, माणसे थोडी लावली. ब ने उलट केले. क ने मात्र अ इतके रुपये आणि ब इतकी माणसे अशी दोन्ही खर्ची घातली. आता अ व ब यांची निम्मी-निम्मी रीत एकत्र केली, म्हणजे पन्नास कुटुंबे अ च्या रीतीने व पन्नास ब च्या रीतीने सांभाळली, तर ३० हजार रुपयांत आणि ३० दिवसांत तीच शंभर कुटुंबे सांभाळली जातात. क ने ४० व ४० खर्चिले. तीस भागिले चाळीस, म्हणजे ७५ टक्के. ही क ची कार्यक्षमता झाली. अ आणि ब या दोघांची १०० टक्के, कारण त्यांच्यापेक्षा दोन्ही बाबतींत कमी खर्चून तेच काम करणारे केंद्र, किंवा केंद्रांचे मिश्रण, आपणांस दाखविता येत नाही. आणि हा निकाल नुसता दोष देऊन थांबत नाही. क ला तो सांगतो की, तुझे सोबती अ आणि ब आहेत, त्यांच्याकडे जा, ते कसे करतात ते पाहा. दहा हजार रुपये आणि दहा दिवस कोठेतरी गळत आहेत. केंद्रे पाच असोत की पन्नास, जिन्नस दोन असोत की सात, हा हिशेब संगणक क्षणात करून देतो. तत्त्व मात्र एवढेच आहे.

येथे आपणांपैकी एखादे चाणाक्ष व्यापारी विचारतील की, अ निर्दोष ठरला खरा, पण ब ची रीत स्वस्त नाही काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि फॅरेलनेही तो वेगळा काढून ठेवला होता. स्वयंसेवकाच्या एका दिवसाची किंमत १,००० रुपये धरली तर अ आणि ब यांचा एकूण खर्च सारखा येतो. त्याहून कमी धरली तर ब स्वस्त, अधिक धरली तर अ स्वस्त. पण हा दुसरा प्रश्न उधळपट्टीचा नव्हे, भावाचा आहे. आणि भाव ठिकाणाप्रमाणे बदलतो, हे आम्ही आपणांस काय सांगावे! रेल्वेच्या कडेला असलेल्या केंद्रास महाविद्यालयातील विद्यार्थी सुटीच्या दिवशी आपण होऊन येतात. डोंगरातील पाड्यावर वाहन भाड्याने करून धान्य चढवावे लागते. तेथे माणूस मिळत नाही म्हणून रुपया खर्च होतो. तेव्हा अ केंद्र पाहून समितीने ‘बंद करा’ म्हणावयाचे नसून, तेथे माणसे कशी पाठविता येतील, याचा विचार करावयाचा असतो. एकाच आकड्यावर नजर ठेवणाऱ्यास हा निर्णय सुचतच नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर या रीतीत प्रत्येक केंद्रास आपला वकील आपण निवडण्याची मुभा असते. कोणत्या जिन्नसाला किती वजन द्यावे, हे परीक्षक बाहेरून लादीत नाही. ज्या वजनांनी त्या केंद्राची बाजू सर्वांत चांगली दिसेल तीच वजने त्याला दिली जातात. अट एकच, त्याच वजनांनी इतर केंद्रेही मोजावयाची आणि कोणालाही शंभरापलीकडे जाऊ द्यावयाचे नाही. इतकी सवलत देऊनही जर दुसरे कोणी त्याच्यापेक्षा सरस ठरले, तर मग त्या केंद्रास तक्रारीस जागा उरत नाही. आरोपीस बचावाची पुरी संधी देऊन केलेला निवाडा हा असा असतो.

परंतु वकिलाचा धंदा आम्ही तीस वर्षे केला असल्यामुळे त्यातील लबाडीही आम्हांस ठाऊक आहे. हुशार वकील गैरसोयीच्या साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलावीतच नाही. तसेच येथे केंद्र आपल्या दुबळ्या बाजूस शून्य वजन देऊन सुटू शकते. समजा, वरील क केंद्राने म्हटले की, आमच्याकडे सहा वर्षांखालील तीस मुलांस रोज शिजविलेले अन्न मिळते, अ आणि ब कडे ते मुळीच नाही. हे फळही हिशेबात धरा. धरले की क एकदम १०० टक्क्यांवर जाऊन बसतो, कारण त्या एका बाबतीत त्याला सोबतीच नाही. हे खरे समर्थन आहे की पळवाट? आकडा याचे उत्तर देत नाही. कोणीतरी सकाळी दहा वाजता क केंद्रावर जाऊन मुले जेवतात की नाही हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. आणि उलट बाजूनेही पाहा: एखादे केंद्र शिधा वाटण्यात पटाईत असेल, पण पाड्यावरील तान्ह्या मुलांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नसेल, तर तेही मुलांच्या रकान्यास शून्य वजन देऊन निर्दोष सुटेल. सबब काही रकान्यांना अमुक मर्यादेखाली वजन देता येणार नाही असे आधीच बांधून घ्यावे लागते. शास्त्रज्ञांनीही हा उपाय पुढे स्वीकारला आहे. मुलांचा रकाना हा असा बांधून घ्यावयाचा रकाना आहे, असे समितीस आमचे सांगणे आहे.

हे सांगण्याचे कारण जवळचेच आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हा सर्व मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निराळा झाला. ते पाडे कोणत्याही कोठारापासून लांबच होते. दर कुटुंबामागील खर्च या मापाने ज्यांना प्रथम वगळले जाईल, असेच ते पाडे होते.

एकाच मापाने काय होते, याचा याहून मोठा दाखला इतिहासात आहे, आणि तो दुष्काळ समितीच्या सभेत सांगणे अवश्य आहे. १८७३-७४ साली बिहार व बंगालवर दुष्काळाचे सावट आले. सर रिचर्ड टेंपल यांच्या देखरेखीखाली सरकारने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविला, सढळ हाताने वाटला, आणि भुकेने मेलेल्यांची संख्या नाममात्र राहिली. बक्षीस काय मिळाले? खर्च फार झाला म्हणून विलायतेत टीकेचा भडिमार. त्या टीकेचा परिणाम पुढच्या दुष्काळात दिसला. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात तेच टेंपलसाहेब मद्रासेस गेले आणि कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी नाणी, एवढ्यावर त्यांनी मजुरी आणून बसविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी निक्षून सांगितले की, एवढ्या अन्नावर खोदकाम करणारा माणूस जगत नाही, किमान दीड पौंड धान्य आणि वर डाळ-भाजी हवी. १८७७ च्या मार्चमध्ये मद्रास सरकारला शिधा काही अंशी वाढवावा लागला. परंतु ब्रिटिश मुलखात ५० लक्षांहून अधिक माणसे त्या दुष्काळात गेली. सगळीच मजुरीच्या कपातीने गेली असे म्हणणे पुराव्याला सोडून होईल. तथापि माणशी खर्चाचा रकाना मात्र १८७७ साली १८७४ पेक्षा पुष्कळच सुंदर दिसत होता, हे विसरता येत नाही.

आपल्या मुंबई इलाख्यातही १८७७ च्या आरंभी मजुरी कमी होताच हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने काय केले ते सांगण्याजोगे आहे. ही सभा १८७० साली स्थापन झाली आणि तिचे प्राण गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे आमच्याच पेशातले होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, पाण्याची, कामावरील मजुरांची हकिगत गोळा केली आणि ती वेळोवेळी सरकारपुढे मांडली. निव्वळ आक्रोशाने सरकार हलत नाही, तपशिलाने हलते, हे त्या मंडळींनी ओळखले होते. त्याच साली सत्यशोधक समाजाने धनकवडीस दुष्काळपीडित मुलांसाठी अन्नछत्र चालविले. मातीकामाच्या घनफुटांनी मोजले असते तर त्या अन्नछत्राचा उतारा शून्य भरला असता. अर्थात मुलांनी माती खणावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

१९७२-७३ चा दुष्काळ आपल्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. सुकडीची चव पुष्कळांच्या जिभेवर अजून आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, आणि कित्येक ठिकाणी फोडलेल्या खडीचे ढीग पडून राहिले. खडीचे ढीग मोजणारा म्हणेल, पैसा पाण्यात गेला. ज्या घरात त्या मजुरीवर चूल पेटली तो निराळे म्हणेल. दोघांचेही रकाने एका कागदावर असले पाहिजेत. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

आता आमच्या बाजूचे दोष कबूल करतो. ते प्रतिपक्षाने दाखविण्यापूर्वी आपण दाखविलेले बरे. ही रीत केंद्रांची केंद्रांशी तुलना करते. सर्वच केंद्रे आळशी असली तर त्यांतील कमी आळशी केंद्र १०० टक्के ठरेल. दुसरे असे की, केंद्रे थोडी आणि रकाने फार झाले तर प्रत्येक जण कोठे ना कोठे अजिंक्य ठरतो, आणि सगळ्यांनाच शंभर गुण मिळतात. घातलेले व निघालेले मिळून जितके रकाने, त्यांच्या तिप्पट तरी केंद्रे असावीत, असा जाणत्यांचा अंदाज आहे. आपल्या समितीची तेवढी केंद्रे नाहीत. यावर तोड अशी की, प्रत्येक केंद्राचा प्रत्येक महिना स्वतंत्र केंद्र समजून मोजावा. तसे केले म्हणजे केंद्र स्वतःच्याच मागील महिन्याशीही ताडून पाहता येते. तिसरे, डोंगराची चढण आणि विहिरीचे अंतर हे केंद्रचालकाच्या हातचे नाही. ते रकाने निराळे ठेवून, सारख्या अडचणीच्या केंद्रांशीच तुलना करावी, अशी दुरुस्ती या शास्त्रात १९८६ सालीच झालेली आहे.

चौथी अडचण आपल्याच दप्तरात आहे, आणि ती सर्वांत मोठी आहे. एका केंद्रास आपल्यापैकी एका सद्गृहस्थांनी मध्यंतरी आपला टेंपो विनामूल्य दिला. ही त्यांची थोरवी. परंतु आमच्या वहीत त्या टेंपोचा उल्लेख नाही, कारण रोख रक्कम दिली गेली नाही. त्यामुळे ते केंद्र काटकसरी दिसले. पुढे टेंपो त्यांच्या धंद्यास लागला, भाड्याचे वाहन करावे लागले, आणि तेच केंद्र एकाएकी उधळे ठरले. केंद्रचालकास सर्वांसमक्ष बोलणी बसली. त्या बैठकीत आम्हीही होतो व गप्प बसलो, हे येथे नमूद करतो. जे फुकट मिळते तेही खर्ची पडते. ते वहीत आलेच पाहिजे. दुकानातील गल्ल्यात मुलाने बिनपगारी काम केले तर धंद्यातील मनुष्यबळ कमी झाले असे आपण मानीत नाही.

यास्तव समितीच्या वतीने आम्ही पुढील विनंती करतो. केंद्र बंद करण्याचा ठराव फेटाळावा असे आम्ही म्हणत नाही. तो तीन महिने तहकूब ठेवावा. या तीन महिन्यांत प्रत्येक केंद्राने रोजच्या वहीत रोख रक्कम, धान्य, स्वयंसेवकांचे दिवस व वाहनाच्या खेपा, फुकट असोत वा भाड्याच्या, हे लिहावे. आणि समोरच्या पानावर शिधा नेलेली कुटुंबे, पाणी मिळालेले पाडे व जेवलेली मुले लिहावीत. त्या वह्या तपासण्यास आपल्यापैकीच दोन व्यापारी व एक बागाईतदार यांची नेमणूक व्हावी, आणि त्यांनी प्रत्येक केंद्रास एकदा तरी न कळविता भेट द्यावी. मोखाड्याकडील केंद्रास प्रथम जावे. ज्यांना तिकडे जाणे आहे त्यांची वाहनाची सोय आम्ही स्वखर्चाने करू, आणि ती खेपही वहीत लिहू.

देणगी रोख, धान्यरूपाने किंवा श्रमदानाने स्वीकारली जाईल. ज्यांचे वाहन आठवड्यातून एक दिवस मोकळे असते त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे आपले नाव व वार लिहून द्यावा. डोंगरातील केंद्रासाठी मंगळवार व शनिवार या दोन वारी वाहन हवे आहे.